वर्गातला ग्रंथ आणि मंडळीतला ग्रंथ

सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, शिकायला निघालेल्या मुलाला गावातून दोन निरोप मिळतात. वडीलधारी माणसे म्हणतात, "खूप शीक, मूळ भाषा शीक, आणि आम्हाला नीट उलगडून सांग." तीच माणसे एसटीत बसवताना हळूच म्हणतात, "शीक, पण विश्वास घालवून येऊ नकोस." या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते गेली तीन वर्षे मी रोज चालतो आहे. आठवड्यातले पाच दिवस पुण्यात वर्ग आणि ग्रंथालय. शनिवारी-रविवारी नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत उपासना, भेटी, प्रार्थना. वर्गात बायबल हा तपासायचा ग्रंथ असतो, तर मंडळीत तो ऐकायचा आणि पाळायचा ग्रंथ असतो. ग्रंथ एकच असला तरी त्याच्याजवळ जाण्याच्या या दोन रीती आहेत. त्या एकमेकींशी भांडतात का, आणि भांडत असतील तर पाळकाने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

आमच्या अभ्यासक्रमाची पदवी बी.डी. ती श्रीरामपूरच्या सिनेटकडून मिळते. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी तिथे 1818 मध्ये महाविद्यालय काढले. तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते. डेन्मार्कच्या राजाने 1827 मध्ये सनद देऊन त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. कॅरीचे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते. त्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले, 1810 मध्ये कोश काढला आणि 1811 मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. वैजनाथ पंडितांची मदत त्याला या मराठी कामात होती. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाच्या हातात पहिल्यांदा जो ग्रंथ आला, तोच मुळात व्याकरण, कोश आणि हस्तलिखिते यांच्या अभ्यासातून आला. विद्वत्ता आणि भक्ती यांची सोयरीक आमच्याकडे जुनी आहे, पण तिची आठवण फारशी ठेवली जात नाही.

पाठभेद म्हणजे काय

पहिल्या वर्षी ग्रीक शिकताना जो धक्का बसतो, तो पाठभेदांचा असतो. नव्या कराराची मूळ लेखकांच्या हातची एकही प्रत आज नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. ग्रीक भाषेतली अशी साडेपाच हजारांहून अधिक हस्तलिखिते नोंदवली गेली आहेत. काही पूर्ण, बरीचशी तुटक, काही तर पानाचा केवळ तुकडा. ती एकमेकांशी शब्दन् शब्द जुळत नाहीत. नकल करणाऱ्याची नजर एका ओळीवरून सारख्याच शब्दाच्या दुसऱ्या ओळीवर घसरते. समासातली टीप पुढच्या प्रतीत मजकुरात शिरते. पाठ असलेला मजकूर हाताने आपोआप लिहिला जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवे वाटू नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात पदरची ओवी घालणाऱ्याला बजावून ठेवले. आमच्या सेमिनरीपासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये हाती घेतले गेले आणि 1966 मध्ये पुरे झाले. त्यासाठी 1,259 हस्तलिखिते विचारात घेतली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी या कामाला जी शिस्त लावून दिली, ती जगभर वाखाणली जाते. या आवृत्तीच्या मुख्य संहितेत व्यासांचा लेखक झालेला गणपती नाही, आणि वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही नाही. दोन्ही गोष्टी तळटीपांत आणि परिशिष्टांत गेल्या आहेत. म्हणून काही कीर्तनकाराने द्रौपदीचा धावा सांगायचे थांबवले नाही, आणि संस्थेनेही तशी अपेक्षा केली नाही.

आता आमचे उदाहरण. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. आमच्या मंडळीत ती लहान मुलाला बोलता येऊ लागताच शिकवतात. तिच्या शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचे आहे, असे स्तुतीचे एक वाक्य येते. चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखिते, सिनाय पर्वताच्या मठात सापडलेले आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयातले, ही नव्या कराराची सर्वांत महत्त्वाची साक्ष मानली जातात. दोहोंतही हे वाक्य नाही. लूकच्या अकराव्या अध्यायात हीच प्रार्थना थोडक्यात येते, तिथेही ते नाही. लॅटिन परंपरेत नसल्यामुळे कॅथलिक लोक प्रार्थना त्याच्या आधीच संपवतात. इरॅस्मसने 1516 मध्ये ग्रीक नवा करार छापला, तो नंतरच्या काळातल्या हस्तलिखितांवरून. त्यात हे वाक्य होते. तिथून ते प्रॉटेस्टंट भाषांतरांत उतरले. आज काही मराठी आवृत्त्या ते चौकटी कंसात छापतात. वसईचा कॅथलिक आणि नगरचा प्रॉटेस्टंट एकाच अंत्यविधीला उभे राहिले, तर प्रार्थनेच्या शेवटी एक गप्प होतो आणि दुसरा बोलत राहतो. त्यामागे हे कारण आहे.

मग हे वाक्य खोटे का? इथे अर्धवट अभ्यास आणि पुरा अभ्यास यांत फरक पडतो. 'दिदाखे' नावाची एक जुनी ख्रिस्ती पुस्तिका 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. ती पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानली जाते. तिच्यात ही प्रार्थना स्तुतीच्या वाक्यासह आहे, फक्त ते वाक्य थोडे आखूड आहे. यहुदी उपासनेत प्रार्थना स्तुतीने संपवण्याची रीत होतीच, आणि जुन्या करारातल्या पहिल्या इतिहासाच्या 29व्या अध्यायात दाविदाच्या तोंडी अगदी याच धर्तीची स्तुती आहे. म्हणजे जमलेली माणसे प्रार्थना संपल्यावर एका सुरात हे म्हणत असावीत, आणि पुढे कुणा लेखनिकाने ते पोथीत उतरवले असावे. कीर्तन संपल्यावर श्रोते गजर करतात. तो गजर बुवांच्या संहितेत लिहिला गेला, तर त्यात फसवणूक नसते. बोलणारा कोण होता, एवढीच नोंद बदलते. हे वाक्य मंडळीचे आहे. ते कळल्यापासून मी ते अधिक मोठ्याने म्हणतो, कारण प्रार्थनेच्या त्या ठिकाणी आपल्यासारख्याच कुणा अनाम माणसांचा आवाज आहे.

मार्काचा शेवट आणि क्षयाच्या गोळ्या

स्तुतीच्या वाक्याने कुणाचे नुकसान होत नाही. पाठभेदाचा प्रश्न जिवावर बेतू शकतो, हे दुसऱ्या एका उताऱ्यावरून दिसते.

चारही शुभवर्तमानांत मार्काचे सर्वांत लहान आणि बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सर्वांत जुने. वर सांगितलेल्या दोन्ही हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबते. स्त्रिया रिकामी कबर पाहून भयाने पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. आपल्या छापील प्रतींत त्यानंतर आणखी बारा वचने आहेत. त्यांची शब्दकळा मार्काची वाटत नाही. इतर शुभवर्तमानांतल्या गोष्टींचा तो सारांश वाटतो. बहुसंख्य अभ्यासक हा भाग नंतर जोडलेला मानतात. या बारा वचनांतच असे आश्वासन आहे की विश्वास ठेवणारे सर्प उचलतील, विष प्याले तरी त्यांना बाधा होणार नाही आणि त्यांनी हात ठेवताच आजारी बरे होतील. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागात काही मंडळ्या यावरून उपासनेत विषारी साप हातात घेतात, आणि त्यात माणसे मेलेली आहेत.

आपल्याकडे साप कुणी उचलत नाही. पण हात ठेवून बरे करण्याच्या सभा गावोगावी होतात. माझ्या मंडळीतल्या एका बाईंना क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या चालू होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले. त्याच सुमारास शेजारच्या गावात बाहेरून आलेल्या एका उपदेशकाची सभा झाली, हात ठेवले गेले आणि 'आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास' असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी गोळ्या थांबवल्या. क्षयाच्या औषधात खरा धोका नेमका इथेच असतो: बरे वाटू लागते तेव्हा जंतू संपलेले नसतात, आणि अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधाला न जुमानणारा क्षय उभा राहतो. घरात दोन नातवंडे होती.

वर्गातले उत्तर माझ्याकडे तयार होते: ज्या वचनाचा आधार दिला ते मार्काचे नाही. पण घरी भेटायला गेलो तेव्हा आमचे पाळकसाहेब आधी बोलले आणि ते उत्तर त्यांनी वापरले नाही. ते म्हणाले, "मावशी, वचन आजाऱ्यावर हात ठेवायला सांगते. गोळी टाकायला कुठे सांगते, ते दाखवा." मग त्यांनी कलस्सैकरांच्या पत्रातला लूक काढला, ज्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगणारे वचन काढले, आणि मिरजेच्या दवाखान्याची आठवण दिली. तो दवाखाना डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभा केला, आणि त्या मावशींच्या सासूबाईंचे ऑपरेशन तिथेच झाले होते. प्रार्थना केली, हात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी आशाताईंना बरोबर घेऊन त्यांना आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी थुंकी पुन्हा तपासायला पाठवली आणि उपचार पुढे चालू केले.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी वेगळ्या मांडतो. पहिली, पाठचिकित्सा आवश्यक आहे. कारण पाळकसाहेबांना ते वचन अंगावर न येता त्याच्याकडे शांतपणे बघता आले, यामागे त्यांचीही चार वर्षांची सेमिनरी होती. दुसरी, चिकित्सेचा निष्कर्ष म्हणजे उपदेश नव्हे. 'हे वचन मूळचे नाही' असे म्हटले असते तर मावशींच्या हातातून गोळीची भीती गेली नसती, फक्त ग्रंथाचा आधार गेला असता. आणि उपदेशक पुढच्या सभेत म्हणाला असता, "बघा, हे शिकलेले लोक बायबल फाडतात."

एका ग्रंथातले अनेक आवाज

दुसऱ्या वर्षी जुना करार चिकित्सक पद्धतीने शिकवतात. इथे प्रश्न एखाद्या वाक्याचा उरत नाही, संपूर्ण ग्रंथाच्या घडणीचा होतो. मराठी वाचकाला यातला एक पुरावा हिब्रू न शिकताही पाहता येतो. उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा: तिथे निर्माणकर्त्याला सर्वत्र 'देव' म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून अचानक 'परमेश्वर देव' सुरू होते. हिब्रूतले दोन वेगळे शब्द मराठी भाषांतरकारांनी प्रामाणिकपणे वेगळे ठेवले, म्हणून हे दिसते. शब्दाबरोबर गोष्टही बदलते. पहिल्या अध्यायात पशू आधी आणि मग स्त्री-पुरुष एकदम; दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडे, पशू आणि शेवटी स्त्री. दोन जुन्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि ठेवणाऱ्याने त्या एकसारख्या करण्याचा खटाटोप केलेला नाही.

हे 'ठेवून देणे' मला बायबलच्या संपादकांचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. याचे सर्वांत गंभीर उदाहरण अनुवाद आणि ईयोब या दोन पुस्तकांत आहे. अनुवादाचे पुस्तक सांगते: आज्ञा पाळा, पाऊस वेळेवर पडेल, मोडाल, तर आकाश पितळेचे होईल. जामखेड-पाथर्डीच्या माणसाला पितळेचे आकाश म्हणजे काय हे टीकाग्रंथातून शिकावे लागत नाही. दुष्काळाच्या वर्षी या भागात जो उपदेश हमखास ऐकू येतो, तो या अध्यायांवरचा: पाऊस नाही, कारण पाप आहे. मग घराघरांत शोध सुरू होतो की पाप कुणाचे. बोट बहुधा ज्याच्यावर आधीच दुःख कोसळले आहे त्याच्याकडे वळते. ज्याचा मुलगा गेला, ज्याची विहीर आटली, जिचा नवरा फास घेऊन गेला.

अभ्यास काय सांगतो? अनुवादाचा गाभा बहुतेक अभ्यासक इ.स.पू. सातव्या शतकातल्या योशिया राजाच्या सुधारणांशी जोडतात, आणि त्याची आजची घडण यरुशलेमच्या पाडावानंतरच्या, म्हणजे इ.स.पू. 587 नंतरच्या, अनुभवाने झाली असे मानतात. हरलेले, देशोधडीला लागलेले लोक स्वतःला विचारत होते: हे आमच्यावर का आले? उत्तरात त्यांनी स्वतःची चूक शोधली. ही आत्मपरीक्षा होती, एका समाजाने स्वतःची केलेली. ती शेजाऱ्याच्या झोपडीकडे बोट दाखवण्यासाठी लिहिलेली नाही.

आणि त्याच ग्रंथात ईयोब आहे. नीतिमान माणूस, मुले गेली, गुरे गेली, अंगभर गळवे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात आणि पानोपानी तेच सांगतात जे अनुवाद सांगतो: दुःख आहे म्हणजे पाप असलेच पाहिजे. ईयोब ऐकत नाही. तो देवाशी भांडतो, दावा मांडतो. शेवटच्या अध्यायात देव निवाडा देतो तो मित्रांच्या विरुद्ध: माझ्याविषयी ईयोब बोलला तसे योग्य तुम्ही बोलला नाहीत. शास्त्राधार देणारे हरले आणि तक्रार करणारा जिंकला. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात की पाप कुणाचे, याचे की आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. म्हणजे बायबलमध्ये हा वाद मिटवलेला नाही, जपलेला आहे.

ज्याने वर्गात हे आवाज वेगळे ऐकायला शिकले, तो दुष्काळी गावात एकच आवाज वाजवू शकत नाही. मुलगा गमावलेल्या घरात अनुवादाचा 28वा अध्याय वाचायचा की ईयोबाचा तिसरा, हा निर्णय पाळकाला दारात चप्पल काढता काढता घ्यावा लागतो. तो निर्णय घेता यावा म्हणून चार वर्षांचा अभ्यास लागत असेल, तर तो वेळ वाया गेलेला नाही.

वाचणारा कोण?

ग्रंथ कसा घडला यानंतरचा प्रश्न असतो, तो कोण वाचतो आहे. भारतीय ईश्वरविद्येत हा प्रश्न दीर्घकाळ एकाच ठिकाणाहून विचारला गेला. धर्मांतरित पंडितांनी वेदान्ताच्या भाषेत ख्रिस्त मांडला. ते काम मोठे होते. पण नगर, सोलापूर, मराठवाडा इथल्या मंडळ्या प्रामुख्याने महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून उभ्या राहिल्या. त्यांच्या अनुभवाला त्या मांडणीत जागा नव्हती. ही गोष्ट ठामपणे मांडणाऱ्यांत अरविंद निर्मल हे नाव पहिले येते. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या त्यांच्या भाषणाला दलित ईश्वरविद्येची सुरुवात मानतात. पुढे चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयात ते याच विषयाच्या विभागाचे प्रमुख झाले.

निर्मल यांनी आधार घेतला तो अनुवादाच्या 26व्या अध्यायाचा. शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीपुढे येतो आणि एक छोटी कबुली म्हणतो: माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात तो परका होता, तिथे आमचा छळ झाला, आम्ही हाक मारली, देवाने ऐकले. जर्मन अभ्यासक गेरहार्ड फॉन राड यांनी 1938 मध्ये या कबुलीला इस्राएलाच्या श्रद्धेचे बीज म्हटले होते. निर्मल म्हणाले, दलित ख्रिस्ती माणसाची श्रद्धाही अशीच सुरू व्हायला हवी: मी कोण होतो, माझ्या पूर्वजांना काय सोसावे लागले, हे मोठ्याने सांगून. त्या पूर्वजाला भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते, ही भर त्यांनी घातली.

आमच्याकडे सुगीच्या उपासनेला लोक ज्वारी, बाजरी, कोंबड्या, भोपळे, कणसे घेऊन येतात. वेदीपुढे ढीग लागतो आणि नंतर लिलाव होतो. त्या दिवशी हाच अध्याय वाचतात. पण वाचून झाल्यावर 'माझा पूर्वज' असे म्हणायची पाळी येते तेव्हा शांतता पसरते. ती शांतता नुसत्या संकोचाची नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे पूर्वज कोण हे वेदीपुढे सांगणे आणि दाखल्यावर लिहिणे, या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसल्या आहेत. ज्या कबुलीला फॉन राड श्रद्धेचे बीज म्हणतो, ती कबुली म्हणताना आमच्या लोकांच्या घशात कायदा, पोट आणि लाज एकदम अडकतात. हे कुठल्याही जर्मन टीकाग्रंथात नाही. ते सुगीच्या ढिगाशेजारी उभे राहूनच समजते.

अभ्यास इथेही थांबू देत नाही. अमेरिकेतले मूलनिवासी अभ्यासक रॉबर्ट ॲलन वॉरियर यांनी 1989 मध्ये विचारले: मिसरातून सुटलेले लोक पुढे कनानी लोकांची भूमी जिंकतात, आम्ही या कथेत सुटणारे आहोत की ते कनानी? सुटकेची कथा सांगताना पुढची पाने मिटून ठेवता येत नाहीत.

रमाबाईंचे टेबल

अभ्यास की मंडळी, असा प्रश्न ज्यांच्यापुढे कधी उभाच राहिला नाही, अशी एक व्यक्ती मराठीत होऊन गेली: पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरचा त्यांचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. सेमिनरीतल्या प्रत्येकाने तो वाचावा. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, धर्मगुरूची आज्ञा, अशा प्रत्येक ठिकाणी त्या विचारतात की हे मी शास्त्रात तपासून घेईन की तुम्ही सांगता म्हणून मानीन. ज्यांनी आश्रय दिला त्यांनाच त्या हे विचारत होत्या.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका सांभाळताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातले संस्कृत शब्द त्यांच्या बायकांना कळत नव्हते, आणि काही शब्दांच्या मागे असलेले जुने अर्थ त्यांना नको होते. ज्यांना संस्कृत पाण्यासारखे होते, त्यांनीच ते बाजूला ठेवले. एप्रिल 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर भाषांतर पुरे झाले होते. 1924 मध्ये ते मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्यांच्या टेबलावर एका बाजूला हिब्रू कोश आणि दुसऱ्या बाजूला दळण-कांडणाच्या हिशेबाची वही, असे चित्र मी मनाशी रंगवतो. त्यांना या दोन गोष्टींसाठी दोन खोल्या लागल्या नसाव्यात.

शब्दांची ही काळजी आम्हाला रोज लागते. ग्रीकमधल्या 'मेटानोईया'साठी मराठीत 'पश्चात्ताप' रूढ झाला. ग्रीक शब्दात मनाची दिशा बदलणे आहे. मराठी शब्दात झाल्या गोष्टीचे दुःख आहे. म्हणून आमच्या उपासनेत रडणे पुष्कळ होते आणि वळणे थोडे, असे मला कधीकधी वाटते. उलट 'एक्लेसिया' म्हणजे हाक देऊन जमवलेले लोक. त्यासाठी 'मंडळी' हा शब्द ज्याने निवडला त्याला दंडवत. इंग्रजीतल्या 'चर्च'मध्ये इमारत डोळ्यांपुढे येते. 'मंडळी'मध्ये माणसेच येतात. (जुन्या मराठीत घरधनी बायकोलाही 'मंडळी' म्हणत. पौल मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हणतो, तेव्हा मराठी वाचकाला एक जादा अर्थ फुकट मिळतो.)

मग सांगायचे किती?

आमच्या वसतिगृहात या प्रश्नावर रात्री बारा-बारापर्यंत वाद होतात. काही मित्र म्हणतात, वर्गातले वर्गात ठेवावे. साध्या माणसांचा विश्वास कशाला हलवायचा? मला हे पटत नाही, आणि त्याची कारणे तीन आहेत. एक, साधी माणसे आता मोबाईल बघतात. 'बायबल बदलले' असे सांगणारी चित्रफीत गावातल्या तरुणापर्यंत पाळकाच्या आधी पोहोचते. त्याने विचारल्यावर पाळकाने गोंधळावे, यापेक्षा त्याने ते आधी प्रेमाने सांगितलेले बरे. दोन, जे ठाऊक आहे ते लपवून रोज व्यासपीठावर उभे राहणाऱ्याचा आवाज हळूहळू पोकळ होतो, आणि ते लोकांना ऐकू येते. तीन, 'साधी माणसे' हा शब्दच तपासायला हवा. जी बाई ईयोबासारखी देवाशी भांडून पुन्हा रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसते, तिला ग्रंथात अनेक आवाज आहेत हे सांगितल्याने धक्का बसत नाही. बहुतेक वेळा तिला सुटल्यासारखे वाटते.

मात्र सांगण्याची जागा असते. उपदेशाचे व्यासपीठ पाठभेदांची यादी वाचण्यासाठी नाही. तिथे चिकित्सेचे फळ द्यावे. बुधवारचा शास्त्राभ्यास, तरुण संघाची बैठक, रविवारच्या शाळेतल्या शिक्षकांचा वर्ग, या जागा झाड दाखवण्याच्या आहेत. तिथे पुस्तके उघडी ठेवून, कंसातली वचने दाखवून, दोन अध्याय शेजारी वाचून घ्यावेत. लोकांना प्रश्न विचारू द्यावेत. आणि ज्याच्या घरात परवाच मृत्यू झाला आहे, त्याच्याकडे जाताना टीकाग्रंथ घरी ठेवावा.

मंडळीकडूनही वर्गाला काही द्यायचे असते. सुगीच्या उपासनेतली ती शांतता मी सेमिनरीतल्या माझ्या प्रबंधिकेचा विषय म्हणून घेतली आहे. अनुवादाच्या त्या अध्यायावर ग्रंथालयात कपाट भरेल एवढे लेखन आहे. नगर जिल्ह्यात तो वाचताना लोक कुठे थांबतात, यावर आमच्या कपाटात एक पानही नाही. या सुगीला मंडळीतल्या चार वृद्धांनी आपापल्या पूर्वजांविषयी बोलायचे कबूल केले आहे. एका आजोबांनी अट घातली: आधी त्यांच्या गावाचे नाव कागदावर लिहायचे नाही, आणि मग अध्याय त्यांनीच वाचायचा. दोन्ही अटी मी मान्य केल्या आहेत.